आत्याबाईंची फांदी

ऑफिसात त्याला सगळे 'बघू' म्हणत, कारण कशाचंही उत्तर तो तेवढंच देई. चहा घेणार का? बघू. खिडकी उघडू का? बघू. लग्नाच्या वेळी त्याच्या होणाऱ्या बायकोने समोरासमोर बसून विचारलं होतं, "मग, करायचं का आपण लग्न?" तेव्हाही याच्या तोंडून सवयीने "बघू" निघून गेलं. ती वस्ताद होती. म्हणाली, "बघून झालंय. आता हो म्हण." तो हो म्हणाला आणि संसार सुखाचा झाला, कारण घरात काहीही ठरवायचं खातं त्याच दिवशी बायकोकडे गेलं.

पंचाईत ऑफिसात होती. तिथे बायको नव्हती.

बघू लिफ्टना बोलायला शिकवायचा. म्हणजे लिफ्ट थांबली की आतून जी बाई "दुसरा मजला, दार उघडत आहे" असं म्हणते ना, तिने कधी काय म्हणायचं हे ठरवणारा प्रोग्रॅम त्यांची कंपनी लिहीत असे. कंपनी कसली, मोजकी चार टाळकी. ऑफिस होतं सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. गिऱ्हाईक जिना चढून धापा टाकत वर येई आणि घाम पुसत विचारी, "लिफ्टवाले तुम्हीच का?"

कंपनीच्या मालकांना पाठीमागे सगळे 'लगेचसाहेब' म्हणत. त्यांना प्रत्येक गोष्ट लगेच हवी असे. त्यांनी एकदा झाडाचं रोप आणलं आणि संध्याकाळी ते वाढलं नाही म्हणून फेकून दिलं, असं ऑफिसात सांगत. खरं-खोटं देव जाणे. आणि चाचणीचं काम बघणारी जी होती ती 'खुसपटताई'. चालू कामातलं खुसपट काढणं हीच तिची नोकरी, आणि ती नोकरी ती घरीसुद्धा इमानेइतबारे करते असं तिचा नवरा म्हणे.

आता बघूच्या कामाची रीत थोडी सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच झाला. प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपलं काम एका सांभाळणाऱ्या यंत्रणेत ठेवतात. सगळ्यांनी मान्य केलेलं पक्कं काम म्हणजे खोड. काही नवं करून बघायचं असेल तर खोडाला हात न लावता त्यातून एक फांदी फोडायची, तिच्यावर हवे ते प्रयोग करायचे, आणि जमलं तर ती फांदी खोडात जोडायची. नाही जमलं तर छाटून टाकायची. थोडं काम झालं की त्यावर शिक्का मारायचा, त्याला कमिट म्हणतात, आणि शिक्क्याबरोबर काय केलं ते एका ओळीत लिहायचं. यातली मजा अशी की शिक्का मारायला इंटरनेट लागत नाही. सगळी बाग तुमच्याच लॅपटॉपवर असते. जंगलात बसा, डोंगरावर बसा, कमिट करत राहा. नेट आलं की सगळं एकदम ऑफिसच्या मशीनवर चढवायचं.

ही यंत्रणा काढणाऱ्याने बहुतेक बघूसारख्यांचा विचार केला नसावा. ज्या माणसाला चहा की कॉफी हे ठरवायला अर्धा तास लागतो, त्याच्या हातात हवी तेवढी मनं करायची सोय दिली की काय होणार? प्रत्येक शंकेला बघू एक फांदी फोडी. बाईने "दार उघडत आहे" म्हणावं की "दार उघडतंय"? दोन फांद्या. मध्ये थोडं थांबावं का? तिसरी. आणि फांद्यांची नावं तरी काय: 'उगाच', 'दुसरं मन', 'नको-पण-असू-दे', 'पाहुणे'. छाटायची वेळ आली की तो हात मागे घेई. "असू दे ना," तो म्हणे, "खायला मागते का?"

"तुझं झाड नाही हे," खुसपटताई म्हणाली, "झुडूप आहे. यात एक दिवस साप निघेल."

साप निघाला. पण तो आत्याबाईंच्या गावाहून आला.

आत्याबाई म्हणजे बघूच्या बायकोची सख्खी आत्या. आयुष्यभर त्यांनी एका मोठ्या बस स्थानकावर कर्ण्यावरून घोषणा केल्या. त्यांचा आवाज असा, की चालकाने चहाचा कप अर्धा टाकून गाडीत बसावं. निवृत्त झाल्यावर त्या डोंगरातल्या घरी जाऊन राहिल्या, आणि तिथे हळूहळू दातांनी दगा दिला. 'स'चा 'श' झाला, 'फ'चा नुसता वारा. आत्याबाईंनी बोलणंच सोडलं. नातलगांनी वरवर हळहळ केली आणि आतून दोन वर्षं सुखाने काढली.

तर त्या आत्याबाईंनी नवी कवळी बसवली. आवाज परत आला, पहिल्याहून खणखणीत. तो ऐकायला त्यांनी भाची आणि जावयाला बोलावणं धाडलं.

नेमक्या त्याच वेळी ऑफिसात घाईचं काम निघालं होतं. शहरात फर्निचरचं पाचमजली दुकान उघडणार होतं आणि तिथल्या लिफ्टला बोलतं करायचं काम बघूकडे होतं. खुसपटताईने शेवटच्या क्षणी खुसपट काढलं: दुकानवाले रस्त्यावरच्या मजल्याला पहिला म्हणतात आणि आपली लिफ्टमधली बाई त्याला तळमजला म्हणते. म्हणजे पुढे सगळीकडे ती एक मजला मागे. पाटीवर चौथा, बटणावर चौथा, आणि बाई म्हणते तिसरा.

"सोमवारी दुपारी उद्घाटन आहे," लगेचसाहेब म्हणाले. "लगेच दुरुस्त करा."

"मी रजेवर चाललोय, साहेब. सासुरवाडीला. तिथे नेट नाही."

"मग?"

"लॅपटॉप नेतो. तिथे काम करतो, शिक्के मारून ठेवतो. परतताना वाटेत नेट लागलं की चढवतो."

"नक्की?"

बघूच्या ओठावर शब्द आला होता. खुसपटताईने टेबलाखालून पाय मारला. "नक्की," तो म्हणाला.

आत्याबाईंचं घर डोंगराच्या कुशीत, रस्ता संपतो तिथून आणखी थोडं वर. फोनवर सिग्नलची एकही दांडी नाही. बघूला तो परिसर फार आवडला, कारण तिथे लगेचसाहेब पोचू शकत नव्हते. पडवीत टेबल मांडून त्याने 'दुकान-मजले' नावाची फांदी फोडली आणि काम मांडून बसला. तपासण्यासाठी एकदा आवाज लावला. लिफ्टमधली बाई मधाळ स्वरात म्हणाली, "तिसरा मजला. आपला दिवस शुभ असो."

आतून आत्याबाई आल्या.

"कोण ही? आजारी आहे का?"

"नाही हो आत्याबाई, लिफ्टमध्ये बोलते ती."

"अशी बोलते? अंथरुणाला खिळल्यासारखी? हिच्या बोलण्यावर कोण उतरेल? मी दाखवते. कुठे बोलायचं? इथे?"

आता इथे दुसरा कोणी असता तर "आत्याबाई, काम चालू आहे" म्हणाला असता. बघू म्हणाला, "बघू." आत्याबाईंनी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. बघूच्या आयुष्यात 'बघू'चा अर्थ समोरचाच ठरवत असे.

पण तो अगदीच कच्चा नव्हता. त्याने खोडातून 'आत्याबाई' नावाची वेगळी फांदी फोडली, म्हणजे दुकानाच्या कामाला धक्का नको. म्हातारीचं मन राहील, फांदी लॅपटॉपवर पडून राहील, कोणाला कळणार आहे? आणि कोणत्या मजल्यावर काय मिळतं ते विचारून घेऊन आत्याबाई सुरू झाल्या.

"पहिला मजला! आधी उतरणारे, मग चढणारे. ढकलाढकली केलीत तर दार लावून घेईन!"

"चौथा मजला! पलंगवाले उतरा. इथेच झोपलात काय?"

पडवीतली मांजर उठून गेली. बघूची बायको दारात उभी राहून तोंडावर पदर धरून हसत होती. बघूने शिक्का मारला आणि ओळ लिहिली: 'आत्याबाई, पहिली फेरी.'

लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली तर काय म्हणायचं, असं आत्याबाईंनी विचारलं. बघूने सांगितलं की आमची बाई म्हणते, कृपया भार कमी करावा.

"म्हणजे कोणी? असं मोघम बोललं की जो तो दुसऱ्याकडे बघतो," आत्याबाई म्हणाल्या, आणि कवळी घट्ट बसवून बोलल्या, "माणसं जास्त झाली! एकाने उतरा. कोणी ते तुम्हाला ठाऊक आहे!"

आपल्यालाच उठून बाहेर जावं असं बघूला वाटून गेलं.

मग त्या वामकुक्षीला गेल्या की बघू दुकानाच्या कामाला बसे, उठल्या की पुन्हा फेरी. दोन दिवस हे तळ्यात-मळ्यात चाललं. आणि या तळ्यात-मळ्यात एक गोष्ट तो साफ विसरला. एका फांदीवरचं काम थांबवून दुसऱ्या फांदीवर जायचं तर यंत्रणेला तसं सांगावं लागतं. ती मनकवडी नाही. बघू मनाने दुकानाकडे वळला, हाताने मात्र आत्याबाईंच्या फांदीवरच बसून राहिला. मजल्यांची दुरुस्ती त्याने उत्तम केली, पण तिच्यावरचे शिक्के पडले आत्याबाईंच्या फेऱ्यांच्या मध्ये मध्ये, भेळेत शेंगदाणे पडावेत तसे. शेवटच्या शिक्क्याला त्याने मोठ्या समाधानाने ओळ लिहिली: 'आता सगळं बरोबर. चौथा म्हणजे चौथाच.'

सोमवारी सकाळी बस डोंगर उतरली आणि चहाच्या टपरीपाशी थांबली. फोनला दांड्या आल्या आणि त्यांच्याबरोबर लगेचसाहेबही आले.

"कुठे आहे काम? चढवलंस?"

बघूने बसच्या सीटवर लॅपटॉप उघडला, फोनचं नेट जोडलं आणि सगळ्या फांद्या एकदम ऑफिसच्या मशीनवर चढवल्या. मग त्याने 'दुकान-मजले' उघडून पाहिली. ती कोरी करकरीत होती. त्याच्या पायाखालची जमीन सरकली. वास्तविक बसही तेव्हाच सुटली होती, त्यामुळे काय सरकलं ते त्याला नीट कळलं नाही.

"साहेब," तो फोनमध्ये ओरडला, "काम आत्याबाईंच्या फांदीवर आहे! पण ती गुंतलीय! तशीच जोडू नका! मी सोडवून—"

बस वळणावर गेली. लगेचसाहेबांना तिकडे ऐकू आलं ते एवढंच: "काम आत्याबाईंच्या फांदीवर आहे." पुढे खरखर.

त्यांनी मशीन उघडलं. 'आत्याबाई' हे नाव त्यांना जराही खटकलं नाही. 'पाहुणे' आणि 'दुसरं मन' पाहिलेल्या माणसाला 'आत्याबाई' काय खटकणार? शेवटची ओळ वाचली: आता सगळं बरोबर. एरवी खुसपटताईने तपासल्याशिवाय काही पुढे जात नसे, पण ती त्या दिवशी दुसऱ्याच एका इमारतीत होती. तिथली लिफ्ट दार बंद झाल्यावर "दार उघडत आहे" असं सांगून लोकांना घाबरवत होती. लगेचसाहेबांनी फांदी खोडात जोडली, खोड दुकानाच्या लिफ्टवर पाठवलं, आणि स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून उद्घाटनाला गेले. वाटेत बघूचे फोन येत होते. उद्घाटनाला जाताना काय फोन घ्यायचे, म्हणून त्यांनी तो बंद केला.

बघू आणि त्याची बायको बस स्थानकावरून सरळ दुकानात पोचले, हातात बॅगा, केसांत धूळ. फीत कापून झाली होती. पाहुणे लिफ्टपाशी गोळा झाले होते. दुकानाचे मालक अंगाने चांगले भरलेले आणि मनाने फार हळवे गृहस्थ. ते सगळ्यांना आग्रहाने आत घालत होते आणि शेवटी स्वतः शिरले. बघू गर्दीतून "थांबा, थांबा" करत पुढे सरकतोय तोच लिफ्ट बोलली.

"माणसं जास्त झाली! एकाने उतरा. कोणी ते तुम्हाला ठाऊक आहे!"

एकेक करून सगळ्यांच्या नजरा मालकांकडे वळल्या. मालकांनी पोट आत घेतलं. लिफ्ट पुन्हा म्हणाली, "कोणी ते तुम्हाला ठाऊक आहे!"

मालक उतरले. कान लाल, मान खाली. दार लागलं, आणि वर जाता जाता आवाज जिन्यातून सबंध दुकानभर घुमत गेला: "दुसरा मजला! टेबलवाले उतरा! अंग चोरून उभे राहा, दार लागतंय!" पाहुणे निमूट, ओळीने, शाळेतल्या मुलांसारखे उतरत होते. ढकलाढकली नाही, दारात रेंगाळणं नाही.

"अगं बाई," बघूची बायको आनंदाने म्हणाली, "आत्या!" आणि बघू काही बोलायच्या आत तिने डोंगरावरच्या शेजाऱ्यांच्या तारेच्या फोनवर फोन लावला. "काका, आत्याला सांगा, तिचा आवाज शहरात लागलाय! लिफ्टमध्ये! हो, खरंच!" मग नवऱ्याचं तोंड बघून तिने फोन खाली ठेवला. "काय झालं? चुकून लागलाय का?"

बघूने मान हलवली.

तेवढ्यात फोन परत वाजला. काकांनी निरोप दिला: आत्याबाई उद्याच्या बसने स्वतः ऐकायला येतायत.

इकडे मालकांनी लगेचसाहेबांना कोपऱ्यात घेतलं होतं. ते रागावले असते तर बरं होतं. ते रडवेले झाले होते. "माझ्याच दुकानात," एवढंच ते म्हणत होते, "माझ्याच लिफ्टने." लगेचसाहेबांनी तिथल्या तिथे फोन चालू केला आणि सकाळी जोडलेली अख्खी फांदी खोडातून उपटली. बघू धावत आला, "साहेब, थांबा, त्याच्यात मजल्यांची दुरुस्तीपण—"

"लगेच केलं," साहेब अभिमानाने म्हणाले.

आत्याबाई गेल्या आणि त्यांच्याबरोबर दुरुस्तीही गेली. मंगळवारी सकाळपासून मधाळ बाई पुन्हा एक मजला मागे बोलू लागली. बटणावर आकडा बरोबर दिसत होता, पण माणूस डोळ्यांपेक्षा कानावर जास्त भरवसा ठेवतो, विशेषतः कोणी गोड बोललं तर. कपाटं घ्यायला आलेले पलंगांमध्ये पोचले, पलंगवाले आरशांसमोर. एक आजोबा आरशांवरून खाली पलंग शोधत येताना पुरते गोंधळले, टेबलांच्या मजल्यावर उतरले आणि एका लांबलचक जेवणाच्या टेबलावर आडवे होऊन पाहू लागले. "जरा कडक आहे," त्यांनी विक्रेत्याला सांगितलं, "पण पाठीला बरं."

ऑफिसात लगेचसाहेब बघूसमोर येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. जन्मात पहिल्यांदा ते हळू बोलले. "आत्याबाई लावल्या तर मालक रडतात. काढल्या तर गिऱ्हाईक चुकतं. काय करायचं ते तू ठरव." एवढं म्हणून ते जिना उतरून सायकलच्या दुकानात जाऊन बसले.

तू ठरव! खरं तर वाट होती आणि ती त्याला ठाऊक होती. गुंतलेल्या फांदीवरून फक्त हवे ते शिक्के वेचून घेता येतात, ताटातले खडे वेचावेत तसे. फक्त इथे खडे टाकायचे नव्हते, तेच ठेवायचे होते. स्वच्छ फांदी फोडायची, दुरुस्तीचे शिक्के तेवढे तिच्यावर आणायचे, काम फत्ते. पण आत्याबाईंची बस दुपारी येणार. त्या लिफ्टमध्ये शिरणार, आणि त्यांना त्या आजारी बाईचा आवाज ऐकू येणार. बघूच्या डोळ्यांसमोर ती कवळी उभी राहिली.

त्याने हळूच एक नवी फांदी फोडली. नाव दिलं 'आत्याबाई-जाईपर्यंत'. बेत असा, की त्या दुकानात असेपर्यंत त्यांचा आवाज लावायचा, मालकांना तेवढा वेळ कुठे तरी जेवायला न्यायचं, त्या गेल्या की काढायचा.

खुसपटताई त्याच्या खांद्यावरून वाचत होती. "ही फांदी लिफ्टसाठी आहे की तुझ्या भीतीसाठी?"

बघूने फांदीचं नाव पुन्हा वाचलं.

"आणि मालकांना जेवायला कोण नेणार? लिफ्टने उतरवलेल्या माणसाला तू आणखी खायला घालणार?"

मग नाक दाबून औषध प्यावं तशी त्याने ती फांदी छाटली. आयुष्यातली पहिली. काही झालं नाही. छत कोसळलं नाही. त्याला थोडं विचित्र वाटलं, दात पडल्यावर जीभ सारखी तिथे जाते तसं, पण तेवढंच.

मग तो दुरुस्तीचे शिक्के वेचू लागला. पहिला सुखाने आला. दुसऱ्यावर यंत्रणा अडली. चौथ्या मजल्याच्या वाक्यात त्याने एकाच ओळीत आकडाही सुधारला होता आणि आत्याबाईंचं बोलणंही घातलं होतं. यंत्रणेने दोन्ही ओळी एकाखाली एक मांडून ठेवल्या आणि गप्प बसली. यातली कोणती ठेवायची? ती सुचवत नाही, आग्रह करत नाही, वाट बघते. वर 'तिसरा मजला. आपला दिवस शुभ असो.' खाली 'चौथा मजला! पलंगवाले उतरा. इथेच झोपलात काय?' बघूला खालची आवडत होती, मनापासून. त्याने वरची ठेवली आणि तिच्यातल्या तिसऱ्याचा चौथा केला.

खुसपटताईने तपासलं. तिला काही सापडलं नाही, त्यामुळे ती जरा हिरमुसली. काम लिफ्टवर गेलं.

आत्याबाई दुपारी दुकानाच्या दारात उतरल्या, ठेवणीतली साडी, हातात पिशवी, कवळी चमकत होती. बघू आणि त्याची बायको समोर उभे होते. बायकोने वाटेत दोनदा विचारलं होतं, "मी सांगू का तिला?" आणि याने दोन्ही वेळा नको म्हटलं होतं. तिला तेव्हाच काहीतरी वेगळं वाटलं होतं.

"आत्याबाई," बघू म्हणाला, "तुमचा आवाज चुकून लागला होता. चूक माझी. आज सकाळी मी तो काढला."

आत्याबाईंनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू काढलास?"

"मीच."

"कोणी सांगितलं म्हणून?"

"कोणी नाही. ठरवलं."

आत्याबाई लिफ्टमध्ये गेल्या, वर जाऊन आल्या, मधाळ बाईचं सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. "मजले बरोबर सांगते," त्या म्हणाल्या. एवढंच. बघूला वाटलं, यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं.

तेवढ्यात दुकानाच्या मागच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला. तिथे मालाची लिफ्ट होती, मोठी, मुकी. तिच्या दारात हमालांनी एक कपाट आडवं अडकवलं होतं. दोघे आतून ढकलत होते, दोघे बाहेरून, दार सारखं येऊन कपाटावर आदळत होतं, आणि मुकादम कपाळाला हात लावून उभा होता.

आत्याबाईंनी पिशवी भाचीच्या हातात दिली.

"आतले थांबा!" त्या गरजल्या. "बाहेरचे, कपाट उभं करा! उभं! निळा शर्ट, दारातून पाय काढा! आता आतले, ओढा!"

कपाट लोणी कापल्यासारखं आत गेलं. दार लागलं. हमाल लिफ्टच्या जाळीतून आत्याबाईंकडे बघत बघत वर गेले.

आवाज ऐकून दुकानाचे मालक धावत आले आणि जागच्या जागी थबकले. "हा," ते पुटपुटले, "हाच तो आवाज."

"तुम्हीच का ते?" भाची कानाशी काहीतरी कुजबुजली तशी आत्याबाईंनी विचारलं. "उतरलात ना लगेच? शहाणे आहात. बस स्थानकावर असं म्हटलं की लोक भांडायचे माझ्याशी."

मालकांना 'शहाणे' असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्यांचे डोळे पुन्हा भरून आले, पण या वेळी निराळ्या कारणाने. मुकादमाने संधी साधली. "मालक, ही बाई मागच्या लिफ्टला द्या की. रोज कोणाचं ना कोणाचं बोट चेंगरतंय. आमचं ओरडणं कोणी ऐकत नाही."

"पुढच्या लिफ्टला नाही," मालक घाईने म्हणाले. "पुढच्या लिफ्टला कधीच नाही." मग बघूकडे वळून, "मागच्या लिफ्टला जमेल?"

"जमेल," बघू म्हणाला. "मागच्या लिफ्टची फांदी वेगळी ठेवतो, पुढचीला तिचा वारा लागणार नाही. पण एक वाक्य जाईल. 'कोणी ते तुम्हाला ठाऊक आहे' हे."

"ते माझं सर्वांत चांगलं वाक्य आहे!" आत्याबाई म्हणाल्या.

"म्हणूनच," बघू म्हणाला.

आत्याबाईंनी तोंड उघडलं, आणि भाची पाहतच राहिली, कारण ते पुन्हा मिटलं.

त्या आठवड्यात आत्याबाई बघूकडेच राहिल्या आणि बैठकीच्या खोलीत बसून त्यांनी सगळी वाक्यं नव्याने म्हटली. कपाट आलं तर वेगळं, सोफा आला तर वेगळं. बघू रोज ती मागच्या लिफ्टच्या फांदीवर चढवे आणि खुसपटताई कानांवर हात ठेवून तपासे. लगेचसाहेब एकदा येऊन ऐकून गेले. आत्याबाईंनी त्यांना "हळू चला, जिना आहे" म्हटलं तर ते खरोखरच हळू उतरले.

हमालांना ती लिफ्ट आवडली. सुरुवातीला ते तिला घाबरत, मग तिच्याशी भांडू लागले. "पाय काढा!" म्हटलं की एखादा म्हणे, "काढला की हो!" बोटं चेंगरायची थांबली. त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर हमाल, जो आयुष्यात कोणाशी दोन शब्दांवर तिसरा बोलला नसेल, तो संध्याकाळी सुट्टी झाली की रिकाम्या लिफ्टपाशी येतो, बटण दाबतो, दार उघडायची वाट बघतो. आतून आवाज येतो, "पहिला मजला! उतरणारे उतरा!"

तो म्हणतो, "येतो हं, बाई," आणि घरी जातो.